राखखोलीतलं सारवण

१

कामिनीला त्या कारखान्यातल्या एकूण एक गोष्टीचा राग येत होता, आणि तो काढावा असं तिथे कोणी उरलं नव्हतं. मालक कधीच परागंदा झाला होता. धुळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत, बोरटेक गावाला खेटून, त्याने वर्षानुवर्षं गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या फोडल्या, त्यांतलं शिसं भट्टीत गाळून विकलं आणि एक दिवस शटर ओढून तो निघून गेला. शिसं मात्र राहिलं. मातीत राहिलं, भिंतींच्या चिरांत राहिलं, पत्र्यावर बुरशीसारखं चिकटून राहिलं. ते उपसून काढायचं सरकारी काम ज्या कंपनीला मिळालं, तिने कामिनीला जळगावहून इथे धाडलं. वर सांगितलं, तुझी पहिलीच स्वतंत्र साइट आहे, मजा येईल.

मजा रोज सकाळीच सुरू व्हायची. जळगावातल्या मेहरूणच्या खोलीवरून निघून साइटवर यायचं, अंगभर पांढरा सूट चढवायचा, नाकावर घट्ट मास्क, हातमोजे, गमबूट. खानदेशच्या एप्रिलमध्ये त्या सुटात माणूस शिजून निघतो. तिच्या हाताखाली गावातल्या बाया होत्या आणि त्यांची म्होरकी भिकुबाई होती. रात्रपाळीला वना नावाचा वॉचमन होता. एवढ्या माणसांनी महिनोन्महिने राबून अंगणातली माती उचलली, ॲसिडची टाकी फोडली, भट्टी विटेविटेने उतरवली. राहिली फक्त राखखोली.

भट्टीच्या मागची ती खोली. भट्टीचा धूर पाइपातून तिथे यायचा आणि त्यातली राख खाली बसायची, म्हणून हे नाव. तिला खिडकी नाही. पाइपाचं भोक कधीच विटांनी बुजवलेलं. दार एकच, तेही इतकं बुटकं की वाकल्याशिवाय आत जाता येत नसे. त्या खोलीच्या कोब्यावरचा नमुना तपासणीत पास झाला की अख्खी शेड पाडायची. नापास असताना पाडली तर सगळी राख उडून थेट गावावर जाईल, म्हणून नियम कडक होता. नियमांवर वैतागणाऱ्या कामिनीलाही हा एक नियम पटत होता.

कारण गावातलं पहिलंच घर तिच्या बहिणीचं होतं.

२

दिपमालाला या घरात दिली तेव्हा भट्टी धूर ओकत होती आणि त्याचं कोणाला काही वाटत नव्हतं. धूर आला की बाया वाळत घातलेली धुणी आत घ्यायच्या, एवढंच. पुढे हितू झाला. नाव हितेंद्र, पण सगळे हितूच म्हणत. चार वर्षांचा झाला तरी पोरगा एक शब्द बोलला नव्हता. हाक मारली की बघायचा, पण ओळख नसल्यासारखा बघायचा. पोट सारखं दुखायचं, चेहरा मातकट. जळगावच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि त्यातल्या शिशाचा आकडा बघून चष्मा काढून ठेवला. म्हणाले, "एकतर मूल तिथून हलवा, नाहीतर ती राख हलवा."

कामिनी म्हणाली होती, अक्का, त्याला माझ्याकडे दे. दिलाही. दोन दिवस पोरगं पाण्याचा घोट घेईना, आईचं गाव ज्या दिशेला, त्या बाजूच्या भिंतीला तोंड लावून बसलं. शेवटी परत आणून सोडलं. दिपमालाचा नवरा कापसाचं शेत सोडून कुठे जाणार आणि काय करणार? तेव्हा राहिला दुसरा उपाय, आणि तो कामिनीच्या हातात होता. तिने ही साइट मागून घेतली होती ती त्यासाठीच.

संध्याकाळी साइटवरच अंघोळ करून, कपडे बदलून ती बहिणीच्या ओट्यावर चहाला टेकायची. दिपमाला कप हातात द्यायच्या आधीच विचारायची, "झालं का गं?"

"होईल अक्का."

"गेल्या आठवड्यात पण होईलच म्हणाली होतीस."

यावर कामिनी चहा पीत राही. तोंड भाजलं तरी पीत राही.

३

त्या दिवशी सकाळी ती आली तेव्हा बाया राखखोलीच्या दाराशी घोळका करून उभ्या होत्या. कोणी कामाला हात लावला नव्हता. कामिनीचं डोकं तिथेच तापलं.

"ताई," भिकुबाई म्हणाली, "रातले आठे कोनी उनं व्हतं का?"

"रात्री इथे कोण येणार? काय झालं?"

"कोनी तरी सारवेल शे."

कामिनीने वाकून टॉर्च मारला. काल संध्याकाळी घासूनपुसून पांढुरका केलेला कोबा पुन्हा राखाडी झाला होता. नुसती धूळ बसली असती तर समजून घेता आलं असतं. पण इथे राख पाण्यात कालवून हाताने फिरवलेली होती. एकाला लागून एक अर्धगोल वळसे, प्रत्येकात बोटांच्या रेघा. घरी शेणाने जमीन सारवतात अगदी तशी. अजून ओल होती.

"काल सांजले आम्ही बठ्ठं धोईसन गयतूत," भिकुबाई म्हणाली. मग जरा वेळाने, कामाची पारख करावी तशी तिने मान हलवली. "पन चांगलं सारवेल शे. हात सवयना शे."

"कौतुक पुरे, भिकुबाई."

वना डोळे चोळत आला आणि आल्या आल्या कानाला हात लावून उभा राहिला. "कुलूप मी लावं, किल्ली मना कडोशाले. माशी बी मझार गयी नही, ताई."

माशी गेली नाही, पण हात गेला. कामिनीने सगळ्यांना कामाला लावलं, ती राख खरवडून काढली, मशीनने ओढून घेतली, कोबा पाण्याने धुतला. संध्याकाळपर्यंत खोली पुन्हा पांढुरकी झाली. कोणीतरी वाह्यातपणा करतंय, सापडलं की त्याला बघतेच, असं स्वतःशी म्हणत तिने स्वतःच्या हाताने कुलूप लावलं.

सकाळी जमीन सारवलेली होती.

४

मग त्याचा नेमच झाला. दिवसा धुवायचं, सकाळी सारवलेलं बघायचं. कामिनीने कुलूप बदललं. कुलपावर कागद चिकटवून सही केली. सही जशीच्या तशी आणि आत ओले वळसे. कॅमेरा मागितला तर ऑफिसने कळवलं की निविदेत बसत नाही. मध्ये कोब्याचा नमुना पाठवून बघितला. नापास. पुन्हा पाठवला, पुन्हा नापास.

ऑफिसातले जितेंद्र सर फोनवर नेहमी इतके शांत असत की कामिनीला फोन भिंतीवर आपटावासा वाटे.

"अगं, कोबा जुना आहे. आत मुरलेलं वर येणारच. भिंतीला खार फुटतो ना, तसं."

"सर, त्यात बोटं उमटलेली दिसतात."

"झाडूचे फराटे असतील."

"झाडू आपण वापरतच नाही सर. धूळ उडते म्हणून तुम्हीच बंद केलाय."

पलीकडे जरा वेळ कीबोर्डचा आवाज आला.

"मग पुन्हा धुवा," सर म्हणाले.

पुन्हा धुतलं. कामिनीला भुताखेतांचं काही वाटत नव्हतं, तिला वाटत होता नुसता संताप. ती डोक्यात सगळ्यांना रांगेने उभं करून तपासत होती. वना पितो का? पीत नाही. भंगार चोरणारे येतात का? चोर सारवून जात नाहीत. गावातल्या कोणाला शेड पाडायला नको आहे का? उलट सगळा गाव तिला रस्त्यात अडवून विचारत होता, कधी पाडता म्हणून. प्रत्येक उत्तर तिने स्वतःच खोडून टाकलं, आणि उरलेल्या उत्तराकडे बघायची तिची तयारी नव्हती.

एके दिवशी भिकुबाईने दाराशी बसकण मारली. "ताई, भायेरनं काय बी काम सांगा. मझार धाडू नका. कोनी तरी दखी राहिनं असं वाटस."

"कोण बघणार? आत भिंती आहेत नुसत्या."

"तुमले सांगू का, भट्टी व्हती तवय आठे एक बाई..."

"नको," कामिनी म्हणाली. "मला काही सांगू नका. मला ही खोली धुऊन पाहिजे, गोष्ट नको." भिकुबाईने त्यानंतर तो विषय काढला नाही.

५

बाया येईनात म्हटल्यावर कामिनी स्वतः आत जाऊ लागली. दुपारची वेळ, बाहेर ऊन मी म्हणत होतं, आणि आत मात्र जमिनीतून गार ओल येत होती. मास्कमधूनही बॅटरीचं पाणी सांडल्यासारखा आंबूस वास येत होता. ती खरवडायला बसली आणि हातातली पट्टी उचललेली तशीच राहिली.

फैजपूरला त्यांचं लहानपणीचं घर मातीच्या जमिनीचं होतं. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी आई आणि त्या दोघी बहिणी मिळून सगळं घर सारवायच्या. सारवायचं कसं हे कोणाला शिकवावं लागत नाही. आतल्या भिंतीपासून सुरुवात करायची, मागे मागे सरकत दाराशी यायचं, उंबऱ्याबाहेर निघायचं आणि हात धुवायचे. नवा वळसा आधीच्या वळशावर जरासा चढतो. त्यावरून बघणाऱ्याला कळतं की हात कुठून कुठे गेला.

इथे हात उंबऱ्यापासून निघून आत गेला होता.

कामिनीने टॉर्च सरकवत नेला. प्रत्येक वळसा आधीच्यावर आतल्या बाजूने चढलेला होता. दारापासून मधोमध, मधून मागच्या भिंतीपर्यंत. आणि भिंतीला लागून, कोपऱ्यात, एवढीशी जागा सारवायची राहून गेली होती. एक बाई उकिडवी बसेल एवढी. तिथला कोबा कोरडा होता.

ती त्या जागेकडे बघत राहिली. डोकं आपलं नेहमीप्रमाणे हिशेब मांडत होतं. माणूस मागे सरकत सारवतो. मागे सरकत आत गेलेल्या माणसाची पाठ भिंतीकडे असते. म्हणजे तोंड दाराकडे. म्हणजे रोज सकाळी आपण दार उघडून वाकतो, टॉर्च मारतो, तेव्हा समोरून आपल्याकडे कोणीतरी...

ती उठली नाही, पळाली नाही. तिला भीती वाटली, अगदी खरी. पण त्या भीतीपेक्षा चीड मोठी होती. हीच जागा सापडली होती का बसायला? माझ्याच वाट्याला?

ती पाठ न फिरवता, मागे मागे सरकत दाराबाहेर आली.

६

आखाजीच्या आदल्या दिवशी हितूला झटका आला. खेळता खेळता डोळे पांढरे केले, दात बसले, अंग ताठ झालं. दिपमालाचा फोन आला तेव्हा कामिनी सुटातच होती. गाडीत घालून जळगावला नेलं. पोर शुद्धीवर आलं, पण डॉक्टर या वेळी चिडून बोलले. "मी सांगून किती दिवस झाले? असे झटके येत राहिले तर मेंदूत जे राहिलंय तेही जाईल. काय ठरवायचं ते लवकर ठरवा."

दवाखान्याच्या बाकावर दिपमाला तिच्याकडे न बघता म्हणाली, "तुझ्या हातात असून होत नाही म्हणजे काय गं, कामे? एक खोलीच आहे ना?"

कामिनीला रडू आलं नाही. रडू आलं असतं तर बरं झालं असतं. ती बाकावरच्या रंगाचे पापुद्रे नखाने काढत बसली, आणि उगाचच तिला लहानपणची अक्का आठवली. एकदा आईला मदत म्हणून तिने उलटीकडून सारवायला घेतलं होतं आणि कोपऱ्यात अडकून बसली होती. चहूकडे ओलं. पाय ठेवला तर आई चिडणार. कामिनी दारातून खदाखदा हसत होती आणि अक्का तिथेच गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. जमीन वाळेपर्यंत. वाळल्यावर आली बाहेर.

कामिनीचं नख थांबलं.

वाळेपर्यंत. आणि आपण तर इतके दिवस ती खोली एक दिवस वाळू दिलेली नाही. सकाळी ओली असतानाच खरवडली, संध्याकाळी धुऊन पुन्हा ओली केली.

हा विचार किती वेडगळ आहे हे तिला कळत होतं. जितेंद्र सरांना सांगितला असता तर त्यांनी तिला रजा घ्यायला लावली असती. पण शहाणपणाचे सगळे उपाय करून झाले होते आणि त्यांतून हाती आलं होतं ते एवढंच, की पुन्हा धुवा.

७

आखाजीला बाया माहेरी, झोक्यांवर. साइटवर वना सोडून कोणी नव्हतं, आणि कामिनीने त्यालाही जेवायला घरी पाठवलं. कपाटातून कामाचे हॅलोजन दिवे काढले आणि एकेक करून राखखोलीत नेऊन मागच्या भिंतीशी मांडले. त्या कोरड्या जागेच्या दोन्ही बाजूंना. मधे नाही. का मधे नाही, हे तिने स्वतःलाही विचारलं नाही. दिव्यांची तोंडं जमिनीकडे, दाराच्या रोखाने. बटण दाबलं आणि ती बाहेर येऊन, उंबऱ्यापासून जरा लांब, उलट्या बादलीवर बसली.

दिवे तापले. दारातून येणारी धग तिच्या तोंडावर बसू लागली. ओला राखाडी रंग कडेने फिकट होत गेला. दुपार चढली, उतरली. गावातून कुठूनतरी बायांच्या गाण्यांचा आवाज येत होता. शेवटी मधला डागही वाळला आणि सगळी जमीन एका रंगाची झाली. त्यावर बारीक भेगा पडल्या.

काही झालं नाही. कामिनी वाट बघत राहिली आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. एवढी शिकलेली, सणाच्या दिवशी एका रिकाम्या खोलीला शेक देत बसली आहे. तिकडे पोरगं दवाखान्यात आणि ती इथे. मग लाजेचा पुन्हा संताप झाला, आणि ती मास्कमधूनच मोठ्याने ओरडली.

"वाळलंय आता! वाट मोकळी आहे. जा ना एकदाची! कुठेही जा, पण जा इथून!"

आवाज खोलीत फिरून तिच्याकडेच परत आला.

मग आत, मागच्या भिंतीशी, वाळलेली राख हलकेच मोडली. पापड मोडावा तसा आवाज. कामिनीने श्वास धरला. पुन्हा मोडली, जरा अलीकडे. पुन्हा. दिवे स्थिर जळत होते, जमीन लख्ख दिसत होती, तिच्यावर काहीच नव्हतं. फक्त एकामागून एक, दमाने, कोणी फार वेळ बसून पायाला मुंग्या आल्यावर उठावं तसं, सारवण मोडत दाराकडे येत होतं.

उंबऱ्याशी ते थांबलं.

चुलीसमोर बसलेल्या माणसापुढून कोणी गेलं की तोंडावरची धग क्षणभर तुटते. तशी ती तुटली. उजेड कमी झाला नाही, नुसती धग गेली. गालांवर, कपाळावर गार लागलं, आंबूस वास मास्कमधून थेट घशात उतरला आणि कामिनीने डोळे गच्च मिटले. मिटता मिटता तिला बुटक्या दारातून वाकून निघणारं काहीतरी दिसलं. दिसलं म्हणजे, दाराची चौकट वरच्या बाजूला दिसेनाशी झाली आणि परत दिसली, इतकंच.

मग धग पुन्हा तोंडावर आली.

तिने बराच वेळ डोळे उघडले नाहीत.

८

दुसऱ्या दिवशी तिने एकटीने तो शेवटचा थर खरवडला आणि कोबा पुसला. त्यानंतर सकाळी सकाळी दार उघडलं तर खोली काल ठेवली तशीच. पांढुरकी, कोरडी, कोरी. नमुना पास झाला. खात्रीसाठी पुन्हा घेतला, तोही पास. भिकुबाई आत जाऊन उभी राहिली, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाली, "आते काही नही आठे." जितेंद्र सर म्हणाले, "बघ, मी म्हटलं नव्हतं? धुवत राहिलं की होतं."

जेसीबीने शेड पाडली. राडारोडा झाकलेल्या ट्रकांतून गेला, वर स्वच्छ मातीचा जाड थर अंथरला. कामिनीला आता झोप लागत होती, आणि जेवण जात होतं, आणि त्या दुपारी आपण उन्हाने चक्रावलो होतो असं तिने स्वतःला जवळजवळ पटवलं होतं. हितू तर केव्हाच घरी आला होता. मधल्या गडबडीत तिला बहिणीकडे जाणं झालं नव्हतं. काम संपलं त्या संध्याकाळी ती पेढे घेऊन निघाली. आज 'झालं का गं' विचारलं की हो म्हणायचं, याच्यासाठी तिने उन्हाळाभर जीव काढला होता.

दिपमालाने विचारलंच नाही. ती पळतच सामोरी आली आणि तिने कामिनीचे दोन्ही दंड धरले. डोळे वाहत होते.

"कामे, हितू बोलला!"

कामिनीने बहिणीला मिठी मारली, आणि दोघी अंगणात उभ्या राहून हसत-रडत राहिल्या.

"मला फोन का नाही केलास?"

"फोनवर कसं सांगू? तोंडाने सांगायचं होतं मला. दवाखान्यातून घरी आलो ना, त्याच दिवशी. उंबऱ्यात उभा राहिला आणि स्वच्छ म्हणाला, 'ये.' आता दिवसभर तेच चाललंय."

"ये? कोणाला म्हणाला?"

"कोणाला काय? अंगणात कोणी नव्हतं तेव्हा. उन्हाकडे बघून म्हणाला." दिपमाला पदराने डोळे पुसत हसली. "झटके नाहीत, पोटदुखी नाही. हाक मारली की ओळखतो. डॉक्टरसुद्धा चकित झाले. तुझे उपकार गं बाई, त्या राखेचा नायनाट केलास."

हितू ओट्यावर बसला होता. गालांवर रंग आला होता. कामिनी जवळ आली तसा तो तिच्याकडे बघून हसला, ओळखून हसला, पहिल्यांदाच. मग भिंतीच्या बाजूला जरा सरकला, शेजारी एका माणसापुरती जागा झाली आणि तो मान वर करून त्या जागेकडे बघू लागला.

"ये," तो म्हणाला. तिच्याकडे बघून नाही.

अंगणात ऊन कलतं होतं तरी ओटा तापलेला होता. कामिनी त्या जागेसमोर उभी होती आणि तिच्या गुडघ्यांना गार लागत होतं. पोराला उचलावं आणि छातीशी धरून धावत सुटावं असं तिला वाटलं. पण त्याला इथून न्यावं तर बहिणीला काय सांगणार? आणि तो शब्द त्याच्या तोंडात राहील का?

"बस ना," मागून दिपमाला म्हणाली. "उभी का? एवढी जागा आहे की त्याच्याशेजारी."

कामिनीने पेढ्यांचा पुडा बहिणीच्या हातात दिला आणि ती उभीच राहिली.